बारा पस्तीसच्या उन्हातलं वाळवंट

वाळवंटातून परत आल्यापासून लोह्यात जो भेटतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "उंटावर बसलीस का?" नाही बसले. उंट पुष्कळ होते, रंगीत झुली घालून आमच्या तंबूंपुढे सकाळ-संध्याकाळ येऊन बसत होते. पण मी तिथे वाळूवरच्या सावलीचा फोटो काढायला गेले होते आणि पहिले दोन दिवस ती सावली काही केल्या माझ्या हाती लागत नव्हती. उंटाची हौस करायला डोकं ठिकाणावर लागतं.

आधी माझ्याबद्दल सांगते. लोह्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, व्हिडिओ काढतो आणि फोटो मी काढते. लग्नाला अठरा वर्षं झाली, तितकीच कॅमेऱ्याला. आमच्या भागात पत्रिकेवर लग्नाची वेळ बारा पस्तीस छापतात आणि लग्न दीड वाजता लागतं, तेही एप्रिल-मे महिन्यात. त्यात आमच्या बौद्ध समाजात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. डोक्यावर सूर्य, पांढरी साडी, पांढरा सदरा, आणि मंडपाच्या कापडातून चेहऱ्यांवर गळणारे उन्हाचे कवडसे. चेहरा नीट दिसावा म्हणून उजेड वाढवला तर साडी जळून नुसता पांढरा डाग होतो. साडी सांभाळली तर चेहरा काळा पडतो आणि नवरीचा मामा अल्बम परत घेऊन येतो. म्हणून मी साडीवर उजेडाचा हिशेब धरते आणि चेहऱ्यासाठी थर्माकोलचा पत्रा खालून धरायला लावते. हे मला कुणी शिकवलं नाही. परत आलेल्या अल्बमांनी शिकवलं.

लातूरला हौशी फोटोग्राफरांचं एक मंडळ आहे. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतली माणसं. कॅमेऱ्यावर पोट असलेली मी एकटीच. मंडळ दरवर्षी कुठेतरी जातं आणि आल्यावर लातूरच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवतं. प्रत्येकाचा एकच फोटो, आणि तो निवडला गेला तरच. दोन वर्षं माझा निवडला गेला नव्हता. मंडळाचे सचिव डॉ. बिराजदार, दातांचे डॉक्टर आहेत आणि बोलायला फार गोड. ते म्हणाले होते, "प्रज्ञाताई, तुमचा हात लग्नाचा आहे. निसर्गाला तो चालत नाही." त्यांनी सहज म्हटलं असेल, पण मला ते लागलं. यंदा वाळवंट ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की या वेळी भिंतीवर माझा फोटो लागला तर ठीक, नाहीतर मंडळाला रामराम.

मार्चचा शेवटचा आठवडा, म्हणजे आमच्याकडे लग्नं सुरू होण्याचे दिवस. मिलिंद म्हणाला, "जा तू. दोन लग्नं हायत, मी एकटा ओढतो. फक्त तिथं वाळूला 'हसा जरा' म्हणू नको."

पहिला दिवस

नांदेडहून गाडीत बसलो आणि जैसलमेरच्या पुढे एका वस्तीजवळच्या तंबूंत उतरलो, मधलं सगळं सोडून देते. पहाटे जाग आली ती गारठ्याने. आमच्या तंबूत निलंग्याच्या रेखाताई होत्या, शाळेत भूगोल शिकवतात. त्या शाल गुंडाळून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लई थंडी हाय गं. वाळवंट म्हणून मी स्वेटर घरी ठेवला. पोरींना वर्षभर शिकवते की रात्री वाळू गार पडते म्हणून." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

जोशी सर आमचे गुरू. उदगीरला चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. कमी बोलतात. त्यांनी आम्हाला अंधारातच एका टेकडीच्या पायथ्याशी नेलं. उजाडायला लागलं तशी वाळू दिसू लागली. मी पाहिलेलं रान म्हणजे आपलं काळं, भेगाळलेलं, ढेकळांचं. इथे कुणीतरी रात्रभर हाताने सारवून ठेवल्यासारखी जमीन, आणि टेकडीच्या माथ्यावर चाकूच्या धारेसारखी एक रेघ. रेघेच्या या बाजूला उजेड, त्या बाजूला सावली. अकरा जणांनी अकरा कॅमेरे त्या रेघेकडे लावले.

आणि मी काय केलं? मी टेकडीवर चढले, चांगली तरातरा.

लग्नात फोटोग्राफरने सगळ्यांच्या पुढे असायचं असतं. वरात निघाली की आपण पुढे, उलट्या पावलांनी चालायचं आणि सगळी वरात आपल्याकडे येताना टिपायची. मागे राहिला तो फोटोग्राफर कसला? पायांना जी सवय, तिकडे ते गेले. मी त्या रेघेवरून वीस पावलं उलटी चालत गेले आणि मग खालून ओरडा ऐकू आला. बघते तर रेघ मोडली होती. जिथे धार होती तिथे माझ्या चपलांची रांग, आणि दर पावलाची आपापली छोटी काळी सावली.

खाली एकेकाने कॅमेरा उतरवला, त्यानेच जास्त लाज वाटली. डॉ. बिराजदार लेन्सवर टोपण लावत म्हणाले, "असू द्या, वाळूच आहे, वाऱ्याने भरून येईल." पण वारा दुपारनंतर येणार होता आणि ऊन थांबणार नव्हतं. जोशी सरांनी सगळ्यांना दुसऱ्या टेकडीकडे नेलं. तिथे पोहोचेपर्यंत सावल्या आखडल्या होत्या. सगळ्यांची सकाळ माझ्या पायांखाली गेली.

दुपारी जेवायला डाळ-बाटी होती, वर केर-सांगरीची भाजी. केर हे एक रानफळ, सांगरी म्हणजे तिकडच्या खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमीच, हे रेखाताईंनी सांगितलं. शमीच्या शेंगांची भाजी करतात हे मला लोह्यात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. भाजी चांगली लागली. मी बरोबर नेलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि सकाळच्या वीस पावलांची थोडीफार भरपाई त्या चटणीने झाली.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या मागे राहिले. इतकी मागे, की रेखाताई म्हणाल्या, "अगं ये की पुढं, वाळू चावत न्हाई." संध्याकाळी तंबूत जोशी सरांनी प्रत्येकाचे फोटो लॅपटॉपवर पाहिले. माझ्या पहिल्या फोटोवर ते थांबले.

"यात काय काय आहे, वाचा बरं."

मी वाचलं. टेकडी, उंट, उंटवाला, खेजडी, आमचे तंबू, आणि कोपऱ्यात मावळता सूर्य.

"म्हणजे कुणीच बाहेर राहिलं नाही. वाळूचा ग्रुप फोटो काढलात तुम्ही."

सगळे हसले, मीही हसले, कारण खरंच होतं. लग्नात आत्या सुटली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. कडेचा माणूस कापला जाऊ नये म्हणून मी आयुष्यभर मागे मागे सरकत आले आहे. सरांनी दुसरा फोटो पाहिला. त्यात मी टेकडीची सावली कॅमेऱ्यातच उजळवून घेतली होती.

"ही सावली का पुसलीत?"

"सर, काळीकुट्ट दिसून राहिली होती."

"मग दिसू द्या. आत काही दिसलं नाही तरी चालेल. तिचा आकार दिसला पाहिजे. वाळूला स्वतःचा आकार कुठे असतो? सावली आहे म्हणून टेकडी टेकडी दिसते."

मी वहीत लिहून घेतलं. त्या रात्री मला कळत होतं की सर बोलतात ते बरोबर आहे, आणि हेही कळत होतं की या लोकांनी सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कितीतरी वर्षं हात बसवला आहे. दोन दिवसांत मी त्यांच्या मागेच राहणार. प्रदर्शनासाठीचा फोटो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचा होता आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

तिसरा दिवस, दुपार

अकरा वाजता सगळे तंबूत शिरले. सरांचा नियम होता, अकरा ते चार कॅमेरा पिशवीत. डोक्यावरचं ऊन सपाट असतं, सावली पायाखाली जाते, चित्र मरतं. डॉक्टर घोरायला लागले. रेखाताई ओला टॉवेल डोळ्यांवर टाकून पडल्या.

मी पडले, पण झोप येईना. बाराला दहा कमी होते. या वेळी मी आडवी कशी? लोह्यात असते तर हातात कॅमेरा, खांद्यावर दुसरा, कमरेला पाण्याची बाटली, आणि कुणीतरी ओरडत असतं, 'फोटोवाल्या ताई कुठं गेल्या?' मला एकदम वाटलं, या बाकीच्यांना पहाट येत असेल, पण बारा पस्तीसचं ऊन या तंबूंत माझ्याइतकं कुणालाच येत नाही. हे मी आत्ता लिहिताना वाढवून सांगत नाही. तेव्हा अगदी असंच वाटलं. मी ओढणी डोक्याला बांधली, डब्यात दोन धपाटे टाकले आणि निघाले.

वस्तीच्या पलीकडे एक सपाट माळ होता. मोठ्या टेकड्या दूर, झाड एकही नाही. तिथे मेंढ्या होत्या, शंभराच्या आसपास, आणि त्या चरत नव्हत्या. सगळ्या एका ठिकाणी गच्च उभ्या होत्या, तोंडं आत, पाठी बाहेर. प्रत्येकीने आपलं डोकं शेजारणीच्या पोटाखाली घातलं होतं. सावली मिळायला झाड नाही म्हणून त्यांनी एकमेकींचीच सावली केली होती. मी जागच्या जागी उभी राहिले.

शेजारी एक उंच म्हातारा मेंढपाळ उभा होता, लाल फेटा, हातात काठी. त्याचं नाव खेताराम. तो काठीवर रेलून अगदी ताठ उभा होता. त्याला हाक मारताना माझ्या तोंडून आपली नांदेडची हिंदी आली.

"बाबा, फोटो निकालूं क्या? तुमकू चलेगा ना?"

तो हसला. "निकालो. इत्ती धूप में क्यूँ घूम रही हो बाई?"

"हमारे इधर शादियाँ इसीच टाइम कू लगती."

"भरी दोपहर में?" त्याने असं पाहिलं, की लोह्याच्या सगळ्या पत्रिका छापणाऱ्यांच्या वतीने मीच ओशाळले.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पहिल्यांदा काय केलं असेल? सगळ्या मेंढ्या, म्हातारा, आकाश, सगळं बसवलं. परत ग्रुप फोटो. मग वहीतलं आठवून जवळ गेले, आडवी झाले, उभी राहिले. मेंढ्या छान येत होत्या पण म्हातारा चुकीच्या जागी होता. त्याच्यामागे एक विजेचा खांब डोक्यातून उगवत होता. तो दोन पावलं डावीकडे आला असता तर सगळं जमत होतं. लग्नात हे मी दिवसातून शंभरदा करते. काका, जरा इकडे सरका. मावशी, पुढे या. माणसं निमूट सरकतात.

"बाबा, जरा दो कदम इधर आव."

"नहीं आ सकता."

मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. परत म्हटलं. त्याने मानही न हलवता काठीने पायाशी दाखवलं. त्याच्या पायांपाशी एक कोकरू उभं होतं. कळपाच्या गराड्यात त्याला जागा मिळाली नव्हती. म्हाताऱ्याची सावली त्या वेळी हातभरच होती, आणि त्या हातभर सावलीत कोकराने फक्त आपलं डोकं ठेवलं होतं. बाकी सगळं अंग उन्हात.

"मैं हिला तो इसका माथा तपेगा," खेताराम म्हणाला. "दो दिन से बीमार है."

अठरा वर्षांत मला 'मी हलणार नाही' असं कुणी म्हटलं नव्हतं. आता तो हलणार नव्हता, खांब हलणार नव्हता, सूर्य तर नाहीच. हलण्यासारखं तिथे दुसरं कुणी नव्हतं. मग मी हलले. एका बाजूला एक छोटी वाळूची टेकडी होती तिच्यावर चढले, पुन्हा उतरले, पुन्हा दुसऱ्या बाजूने चढले. वरून पाहिल्यावर खांब गेला, आकाशही गेलं, राहिली नुसती वाळू. मेंढ्यांचा गच्च गोळा वरच्या कोपऱ्यात आणि त्याच्याभोवती बारीक काळी किनार. खाली दुसऱ्या कोपऱ्यात एकटा म्हातारा, पायाशी कोकरू. मधे सगळं रिकामं. त्या रिकाम्या जागेत काहीतरी भरावं म्हणून माझा जीव कासावीस होत होता, पण मी तो आवरला.

आणि मग लोकर. उन्हात पांढरी लोकर आणि आमची पांढरी साडी यांत काही फरक नाही. लोकरीवर हिशेब धरला, केस न् केस दिसेल इतका. सावली काळी पडू दिली. म्हाताऱ्याचा चेहरा फेट्याखाली अंधारात जाईल म्हणून मी घाबरत होते, इथे थर्माकोल धरणार कोण? पण चेहरा उजळ येत होता. खाली पाहिलं तेव्हा कळलं. तापलेली पिवळी वाळू खालून त्याच्या हनुवटीवर, गालांवर उजेड फेकत होती. सगळं वाळवंटच थर्माकोल धरून उभं होतं. मला एकटीलाच हसू आलं, आणि फोटो काढले.

पुढे तासभर मी तिथेच होते. खाली येऊन धपाटे दिले. खेतारामने उभ्या उभ्याच खाल्ले, कोकरावरून न हलता, आणि मला कातडी पिशवीतलं ताक दिलं. धपाट्यातला लसूण त्याला आवडला. हे काय असतं विचारल्यावर मी म्हटलं, ज्वारी. तो म्हणाला, "हमारे यहाँ बाजरा." आपल्या गावी कोण उन्हात उभं राहतं आणि कोण नाही, यावर आम्ही बराच वेळ बोललो. सावली लांबायला लागली तसं कोकरू हळूहळू अंगानेही आत आलं.

संध्याकाळी तंबूत मी तो एकच फोटो दिला. जोशी सर सरसावून बसले. लॅपटॉप जवळ ओढला, मग लांब केला, मग चष्मा काढून पाहिलं. शेवटी त्यांनी वेळ विचारली.

"पाऊण वाजता काढलाय, सर."

"पाऊण वाजता," ते एवढंच म्हणाले.

डॉ. बिराजदार मागून वाकून पाहत होते. "सुंदर आहे. पण ताई, मनात येतं म्हणून विचारतो. हे उभं केलंय ना तुम्ही? माणूस इथे, कोकरू त्याच्या सावलीत. नियमात बसत नाही ते. रचलेला फोटो आपण घेत नाही."

दुसऱ्या कुणाच्या फोटोला हा प्रश्न आला नसता, हे सगळ्यांना कळलं होतं. मी भांडू शकले असते, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण मी फक्त कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. "पहिल्यापासून बघा, डॉक्टर."

एकशे बारा फोटो होते. ते एकेक करून पाहू लागले. पहिल्या फोटोत म्हाताऱ्याच्या डोक्यातून खांब उगवलेला. मग खांब सरकला, मग आकाश खाली आलं, मग गेलं, मेंढ्या वर सरकल्या. फोटोमागून फोटोत सगळं हललं, आणि म्हातारा एकदाही हलला नाही. साठाव्या फोटोनंतर डॉक्टरांनी स्वतःहून लॅपटॉपवरचा हात काढला.

"तुम्ही त्याच्याभोवती फिरलात," ते म्हणाले.

"हाव," रेखाताई पलीकडून म्हणाल्या, "तीच फिरून राहिली होती, भर उन्हात. आपण झोपलो होतो."

फोटो निवडला गेला. मी तंबूबाहेर जाऊन मिलिंदला फोन केला. तो एका लग्नाच्या जेवणावळीत होता, मागे बँड वाजत होता. मी म्हटलं, "अहो, लागला." त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण तो बँडपेक्षा मोठ्याने ओरडला.

लातूर

प्रदर्शनाच्या सकाळी मी लवकर पोहोचले. हॉलमध्ये अजून झाडणं चाललं होतं. माझा फोटो दाराच्या समोरच्या भिंतीवर होता, आत पाऊल टाकलं की पहिला तोच दिसत होता. जोशी सरांनी ती जागा ठरवली होती, हे मला नंतर कळलं. मी बराच वेळ त्याच्यापुढे उभी राहिले. स्वतःचं काम पाहून इतका आनंद व्हावा याची मला थोडी लाजही वाटली, मग ती सोडून दिली. लोकर जळली नव्हती, सावली काळी होती, आणि मधली वाळू रिकामी होती.

मग मी खालची पाटी वाचली. प्रत्येक फोटोखाली छोटं कार्ड होतं, छापलेलं. शेजारच्या फोटोखाली 'डॉ. बिराजदार, दंतवैद्य, लातूर'. पलीकडे 'सौ. रेखा, शिक्षिका, निलंगा'. माझ्याखाली 'सौ. प्रज्ञा, गृहिणी, लोहा'.

मुद्दाम नव्हतं. कुणीतरी यादी करताना बाईच्या नावापुढे जे सुचलं ते लिहून टाकलं होतं. डॉक्टर धावत आले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "चुकून झालंय, ताई. मी आत्ता छापून आणायला पाठवतो. पण उद्घाटनाला अर्धाच तास आहे, तोवर असू दे का?"

"असू कशाला द्यायचं?" मी म्हटलं. "पेन आहे का?"

त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. मी कार्ड काढलं, उलटं केलं, आणि गुडघ्यावर धरून मोठ्या अक्षरात लिहिलं: 'प्रज्ञा. फोटोग्राफर, लोहा.' अक्षर जरा वाकडं आलं. मी ते परत लावलं, पेन डॉक्टरांना दिलं आणि दाराशी जाऊन लोक यायची वाट बघत उभी राहिले.